आटवलेलं पाणी

नववीच्या वर्गातून हसण्याचा आवाज आला की माझ्या हातातला खडू मोडायचा. तेव्हा कुणी विचारलं असतं तर हल्ली खडूच भुसभुशीत येतात, असं मी सांगितलं असतं. आता खोटं बोलायचं वय राहिलं नाही. मी जळत होते.

सत्तावीस वर्षं मी विज्ञान शिकवलं, त्यातली बरीचशी नववी-दहावीला. आमची शाळा नाशिकला चिकटलेल्या गावात आहे. एका बाजूला मेथी, कोथिंबीर, शेवंतीचे मळे आणि दुसऱ्या बाजूला दरवर्षी थोड्या पुढे सरकणाऱ्या इमारती. मुलांचे बाप पहाटे भाजी मार्केट यार्डात टाकून सातपूरच्या कारखान्यांत पाळीला जाणारे, आया दुपारभर जुड्या बांधणाऱ्या. या गावात माझा दबदबा होता तो 'शास्त्रीय कारणे द्या' या प्रश्नामुळे. माझ्या मुलांचे त्यातले गुण कधी गेले नाहीत. विधान मी सांगायचे, कारणही मीच सांगायचे, मुलं पाठ करायची. "पाणी उकळून प्यावे. कारण, उकळल्याने पाण्यातील रोगजंतू मरतात." गावातल्या दोन पिढ्या हे वाक्य झोपेतून उठवलं तरी म्हणतील.

मग ती आली. खरं तर 'त्या आल्या' म्हणायला हवं, समोर मी तसंच म्हणायचे. पण मनात मी तिच्याशी कायम एकेरीतच बोलले. वयाने माझ्या मुलीएवढी. शहराच्या त्या टोकाहून स्कूटरवर यायची, द्वारकेच्या चौकात अडकली म्हणून कधी पाच मिनिटं उशिरा पोचायची, आणि मी घड्याळाकडे पाहिलेलं तिला कळायचंही नाही. मुलं मला बाई म्हणतात. तिला मॅडम म्हणू लागली. मुख्याध्यापकांनी जूनमध्ये नववी तिला दिली आणि मला म्हणाले, "बाई, तुम्हाला जरा आराम." आराम मी मागितला नव्हता.

नव्याचे नऊ दिवस, असं मी स्टाफरूममध्ये दोनदा म्हणाले. नऊ दिवस गेले, नऊ आठवडे गेले, मुलं मधल्या सुट्टीतही तिच्याभोवतीच. मळ्यातली पहिली मेथीची जुडी माझ्या टेबलावर यायची, ती तिच्या टेबलावर जायला लागली. तिला तर मेथी निवडताही येत नसेल, असं मी मनातल्या मनात म्हणून घेतलं.

सगळ्यांत जास्त लागली ती एका मुलीची गोष्ट. सहावीपासून पहिल्या बाकावर बसणारी, माझ्या तोंडून शब्द पडायच्या आत वहीत उतरवणारी. तिचा मोठा भाऊही माझाच विद्यार्थी. दिवाळीनंतर त्याला मुलगा झाला आणि ही आत्या झाली. पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आली, ती माझ्यासमोरून पुढे जाऊन पहिला पेढा मॅडमना देऊन मग माझ्याकडे आली. "बाळ लहानखुरं आहे बाई," ती म्हणाली, "वहिनीला दूध कमी आहे, डब्याच्या पावडरचं पाजतोय." मी "सांभाळा" म्हणाले. पेढा तोंडात टाकला नाही. रुमालात गुंडाळून घरी नेला आणि नवऱ्याला दिला.

जानेवारीत मॅडमने नववीला पाठ्यपुस्तकात नसलेला एक धडा घेतला. मुलांना सांगितलं, घरी जे पाणी पिता ते बाटलीत भरून आणा. आमच्या गावाला महापालिकेचा नळ आला त्याला आता बरीच वर्षं झाली, पण पिण्याला अजून विहिरीचंच पाणी. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, ते धुण्याभांड्याला. विहिरीचं गोड. पिढ्यान्पिढ्या हेच.

त्या तासाला मी वर्गाबाहेरच्या फळ्यावर सुविचार लिहीत होते. सुविचार चार शब्दांचा होता आणि मला तो लिहायला पाऊण तास लागला.

तिच्याजवळ कागदी पट्ट्या होत्या. पट्टीचं टोक पाण्यात बुडवायचं, मिनिटभर थांबायचं. पाण्यात नायट्रेट असेल तर टोक गुलाबी होतं, जास्त असेल तर गडद गुलाबी. मळ्यात टाकलेला युरिया, उकिरडे, संडासाचे खड्डे, सगळ्यांतून ते झिरपत विहिरीत उतरतं. हे काही मला नवीन नव्हतं. मी ते खताच्या धड्यात एका ओळीत शिकवायचे आणि परीक्षेला येत नाही म्हणून पुढे जायचे.

शाळेच्या नळाच्या पाण्यातली पट्टी पांढरीच राहिली. विहिरींच्या बाटल्यांत कुठे फिकट, कुठे गुलाबी. माझ्या त्या मुलीच्या बाटलीतली पट्टी सगळ्यांत गडद झाली. तिच्या घराची विहीर मळ्याच्या मधोमध, गोठ्याला लागून. वर्ग गप्प झाला. मॅडमने फळ्यावर तीन रकाने आखले. पहिला, काय माहीत आहे. दुसरा, काय माहीत नाही. तिसरा, आपण चुकलो तर झळ कुणाला.

"मोठ्या माणसांना या पाण्याने काय होतं?" एकाने विचारलं.

"इतक्याने किती आणि काय, ते मला नक्की माहीत नाही," ती म्हणाली. "वाचून आणि विचारून सांगेन. पण अगदी तान्ह्या बाळांना त्रास होऊ शकतो, एवढं माहीत आहे. आता मला सांगा, सगळं नक्की कळेपर्यंत थांबायचं, की आत्ताच काही ठरवायचं?"

मुलं भांडली. विहीर बंद करा म्हणणारी होती, आमची आजी नव्वद वर्षांची झाली म्हणणारी होती. शेवटी ती मुलगी उठली आणि तिसऱ्या रकान्यात तिने लिहिलं, 'बाळाला.' त्यावरून वर्गाने ठरवलं की मोठ्यांचं पुढे बघू, पण लहान बाळ आहे त्या घरी बाळाचं दूध आजपासून नळाच्याच पाण्यात कालवायचं, उकळून. उद्या नवीन काही कळलं तर निर्णय बदलायचा.

मी स्टाफरूममध्ये येऊन मराठीच्या शिक्षकांना म्हणाले, "विज्ञानाच्या शिक्षिका वर्गात उभं राहून 'मला माहीत नाही' म्हणतात. काय पण दिवस आलेत." ते हसले. मला बरं वाटलं, पण ते चहा संपेपर्यंतच. वर्गातली ती शांतता माझ्या डोक्यातून जाईना. सत्तावीस वर्षांत माझ्या वर्गात शिस्त होती, पण मुलं श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघताहेत असं कधी झालं नव्हतं.

शनिवारी सकाळची शाळा. सुटायच्या वेळी त्या मुलीची आजी आली. नऊवारीचा पदर खोचलेला, हाताला मेथीचा वास. मॅडम व्हरांड्यात समोरच उभी होती. आजी तिच्या शेजारून सरळ माझ्याकडे आली. खरं सांगते, त्या वर्षातला तो माझा सगळ्यांत सुखाचा क्षण.

"बाई, नात म्हनती हिरीचं पानी बाळाला नाय द्यायचं," आजी म्हणाली. "नळाचं द्या म्हनती. त्याला लय वास हाय. नातसून बी तिचंच ऐकाया लागली. माझ्या नातवाला तुमी शिकवलं, नातीला तुमी शिकवलं. तुमी काय म्हनाल तसं."

"तुम्ही आत्ता कसं देता?"

"आटवून. बाळंतिनीला अन् बाळाला आमच्यात आटवलेलंच पानी देत्यात. पातेलंभर ठिवायचं, निम्मं होईस्तोवर खाली उतरायचं नाय."

मॅडम दोन पावलं पुढे आली. तिने तोंड उघडलेलं मी पाहिलं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"अगदी बरोबर करता," मी म्हणाले. "जितकं आटवाल तितकं चांगलं. पाणी उकळल्याने जंतू मरतात. विहिरीचं असलं म्हणून काय झालं. निम्मं काय, हवं तर त्याहून थोडं जास्त आटवा आणि निर्धास्त राहा."

"पण बाई," मॅडम म्हणाली.

"आजींना उन्हात परत जायचंय," मी म्हणाले.

आजी समाधानाने गेली. जाताना कनवटीला लावलेली दोन लिंबं माझ्या हातावर ठेवून गेली. मॅडमच्या हातावर नाही, माझ्या. मी ती टेबलावर दिसतील अशी ठेवली.

स्टाफरूम रिकामी झाल्यावर ती माझ्यापाशी आली. आवाज खाली होता. "बाई, जंतूंचं खरं आहे. पण नायट्रेट उकळून जात नाही. पाणी निम्मं झालं की तेवढ्याच पाण्यात ते दुप्पट होतं."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मला कळलं होतं. हे मी अगदी स्पष्ट लिहून ठेवते. मला विज्ञान येत नव्हतं अशातला भाग नाही. दरवर्षी सहावीला मी स्टीलच्या झाकणात मिठाचं पाणी घेऊन मेणबत्तीवर धरते, पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, मुलं बोट लावून चाखतात. तेच मीठ आणि तेच झाकण. फक्त ते बाळाच्या पातेल्याला लावून बघायचं माझ्या मनात आलं नव्हतं, आणि आलं तेव्हा समोर ती उभी होती.

"मी जाऊन सांगू का त्यांना?" तिने विचारलं. "घर माहीत आहे मला."

"तुम्ही कशाला? माझा शब्द आहे, माझी माणसं आहेत," मी म्हणाले. "मीच सांगते."

"आजच सांगाल ना?"

"मला शिकवू नका."

तिने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि गेली. तिने विश्वास ठेवला. मी तिच्या जागी असते तर ठेवला नसता.

त्या मुलीचं घर शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. शनिवारी दुपारी मी गेले नाही, कारण ऊन होतं. संध्याकाळी शेजारी हळदीकुंकू होतं, तिथून त्यांच्या मळ्याची वाट दिसते. दिसली. मी तिळगूळ घेऊन घरी आले. जाऊन काय सांगायचं होतं? आजी, सकाळी मी चुकीचं सांगितलं, तुमची नात बरोबर होती, ती मॅडम बरोबर होती. हे वाक्य मी मनात दहा वेळा जुळवलं आणि दर वेळी 'ती मॅडम' या शब्दांशी अडकले. रविवारी नवऱ्याने विचारलं, "तुझं डोकं दुखतंय का?" मी हो म्हणाले. दोन दिवस काय होतंय, असं मी स्वतःला सांगत होते. इतके दिवस पितंच आहे ते बाळ.

सोमवारी प्रार्थनेआधी ती मुलगी फाटकाशी उभी होती. दप्तर नव्हतं.

"बाई, तुम्ही सहावीत झाकणात मिठाचं पाणी उकळून दाखवलं होतं," ती म्हणाली. "मीठ खाली राहिलं होतं. मग आजी आटवते त्या पाण्यातलंही खाली राहत असेल ना?"

मी हातातली हजेरी उघडून पुन्हा मिटली.

"आजीला सांगितलं तर ती म्हणते, बाईंनीच सांगितलंय. शनिवारपासून जास्तच आटवतेय. आणि बाई, बाळाचे ओठ काळपट दिसतात. आजी म्हणते थंडीने."

मी हजेरी मांडायची राहू दिली आणि तिच्याबरोबर चालू लागले. दहा मिनिटांची वाट, आणि मध्ये दोनदा मला धाप लागली. स्वयंपाकघरात गॅसवर पातेलं होतं, पाणी तळाला गेलेलं, आतल्या काठाला पांढरी कडा. आजीने कौतुकाने दाखवलं, "तुमी म्हनाल्या तसं." बाळ आईच्या मांडीवर होतं. रडत नव्हतं. ओठ आणि नखं जांभळट होती, थंडीने होतात तशी नाहीत.

मी पातेलं उचलून मोरीत ओतलं. म्हणाले, "आजी, मी चुकीचं सांगितलं. डॉक्टरकडे चला." एवढंच. शनिवारी मला जमलं नव्हतं ते वाक्य म्हणायला श्वासभरही वेळ लागला नाही.

बाळाच्या बापाला कामावरून यायला वेळ लागला असता, म्हणून आम्हीच रिक्षा केली. नातसून, बाळ, आजी आणि मी. द्वारकेच्या चौकात नेहमीसारखीच कोंडी. चारही बाजूंनी हॉर्न, पुढे एक बस आडवी. मॅडम रोज इथे अडकते आणि मी रोज घड्याळ बघते, हे तिथे बसून आठवलं. आजी बाळाचे पाय चोळत होती. बाळाची आई माझ्याकडे बघत होती आणि मी रस्त्याकडे.

डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं ते पाण्याचं. रक्त काढलं, ते लाल नव्हतं, तपकिरी होतं. अशा पाण्याने तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते, असं ते म्हणाले. पाण्यामुळेच असावं, पण बाकीही तपासू. औषध दिलं. पुढचे काही तास काय होतंय ते बघावं लागेल म्हणाले. ते तास मी त्या बाकावर कसे काढले, त्याला कुठलं शास्त्रीय कारण मला देता येणार नाही. संध्याकाळी बाळाच्या ओठांवर रंग आला. चार दिवसांनी ते घरी आलं आणि आता भिंत धरून चालतं.

आता खरी गंमत ऐका. गावात काय झालं? आजीने सगळ्यांना सांगितलं की बाई शाळा सोडून धावत आल्या, बाईंनी पातेलं ओतलं, बाईंनी बाळ वाचवलं. चुकीचं सांगितलं हे माझे शब्द त्या गडबडीत तिच्या कानावर पडले नसतील, किंवा पडूनही तिने ते धरले नाहीत. मेथीच्या जुड्या परत माझ्या टेबलावर यायला लागल्या. मुख्याध्यापकांनी सभेत माझा गौरव केला. गावाने बाळांसाठी नळाचं पाणी घ्यायला सुरुवात केली, तेही माझ्या नावावर जमा झालं. मॅडम टाळ्या वाजवत होती. तिच्या चेहऱ्यावर मी कुत्सितपणा शोधला, तो सापडला असता तर मला शांत झोप लागली असती.

शनिवारी दुपारी आमच्यात काय बोलणं झालं ते दोघींनाच माहीत होतं. ती ते कुणालाही सांगू शकत होती. मुख्याध्यापकांना, त्या मुलीला, नुसतं स्टाफरूममध्ये जरी बोलली असती तरी गावभर झालं असतं. ती बोलली नाही. मला म्हणाली, "तुमच्या झाकणाच्या प्रयोगामुळे तिला सुचलं, बाई. मी त्यांना तो पुन्हा करून दाखवला." तिचं शिकवणं मी सहन केलं असतं, पण हा मोठेपणा मला सहन झाला नाही. मी तिच्यावर आधी जळत होते त्याहून जास्त जळले.

म्हणून एका दुपारी ती तासावर असताना मी तिच्या टेबलावरचा नववीचा गठ्ठा उचलला. मुलं तिला काय लिहितात ते मला बघायचं होतं. पाण्याच्या प्रकरणावर प्रत्येकाने आपापले तीन रकाने पुन्हा भरले होते. तपासायचे बाकी होते. पहिल्या बाकावरच्या त्या मुलीचं अक्षर मी लांबून ओळखते, मीच वळवलंय ते.

पहिल्या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट जात नाही, आटवल्यावर वाढतं.' तिसऱ्यात एकच शब्द, 'बाळाला.' दुसऱ्या रकान्यात, काय माहीत नाही या शब्दांखाली, तिने आधी मोठ्या माणसांच्या त्रासाबद्दल एक ओळ लिहिली होती, मग विहिरीचं पाणी कधी सुधारेल यावर एक. आणि त्यांच्याखाली, 'आटवा म्हणाल्या तेव्हा किंवा नंतर बाईंना हे माहीत होतं का, ते.'

तक्रार म्हणून नाही. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून लिहायचं, असं तिला शिकवलं होतं. ते तिला मी शिकवलेलं नव्हतं.

बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली. मॅडम कधीही आत आली असती. वर्ग तिचा होता, कागद तिच्याकडे लिहिलेला होता, तो तपासायचा मला काही हक्क नव्हता. मी लाल पेन काढलं, त्या ओळीपुढे 'शनिवारी दुपारी कळलं होतं' असं लिहिलं, खाली सही केली आणि कागद गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवला.